टाकी किती फुटावर हाय?

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या घरामध्ये साडेचार फुटांची भिंत आहे. ठरली होती पाच फुटांची. शेवटचा थर घालायच्या आधी विटा संपल्या आणि दोन्ही घरच्या पुरुषांनी ‘ऱ्हाऊ दे की आता’ म्हणून विषय मिटवला. त्या न बांधलेल्या अर्ध्या फुटावरून आम्ही दोघी गेली बारा वर्षं बोलतोय. मी घरात दिसले नाही तर आमचे हे फोन लावत नाहीत, आधी भिंतीकडं बघतात.

एका सकाळी नळाचं पाणी भरून झालं आणि पलीकडून हाक आली.

“ओ ताई, मशीन घ्यायचं ठरलंय बघा.”

आमच्या कुपवाडात नुसतं ‘मशीन’ म्हटलं की माणसाला आधी लेथ आठवतं. एमआयडीसी उशाशी. वहिनींचे मिस्टर फाउंड्रीत, दीर वर्कशॉपात. मला वाटलं, दिरांनी काढला वाटतं स्वतःचा धंदा.

“किती फुटी?” मी विचारलं.

“फुटी कसली वो? धुण्याचं मशीन! किलोवर असतंय ते.”

धुण्याच्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात आणि त्यांच्या येण्याची तारीख दर आठवड्याला पुढं सरकतीय. घरात पाच माणसं, त्यात रोज एक फाउंड्रीचा ड्रेस. फाउंड्रीचा ड्रेस ज्यांनी धुतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वाळू, काजळी आणि तेल, तिन्ही एकाच खिशातून निघतं. वहिनींचा उजवा खांदा महिन्याभरात धरला आणि शेवटी त्यांच्या मिस्टरांच्या तोंडून ‘बघ कुठलं घ्यायचं ते’ हे वाक्य निघालं. ते परत आत जायच्या आत मशीन घरी आलं पाहिजे, ही त्यांची घाई.

आता हे किलोचं प्रकरण. दुकानात सात किलो, आठ किलो म्हणतात ते सुक्या कपड्यांचं वजन. वहिनींना वाटत होतं भिजलेल्या. “एक चादर भिजली की मला उचलत न्हाई, सात किलोत काय मावतंय?” असा त्यांचा हिशोब, आणि त्या हिशोबानं बारा किलोचं मशीन घ्यायला निघाल्या होत्या. म्हटलं, तोलूनच बघू. त्यांच्या सासूबाईंचा, म्हणजे आत्तींचा, रद्दीवाल्याच्या काट्यावर काडीचा विश्वास नाही. त्यासाठी त्यांनी फार वर्षांपूर्वी स्वतःचा ताणकाटा घेऊन ठेवलाय. तो पेरूच्या फांदीला अडकवला, जुन्या साडीच्या झोळीत एकेक कपडा घातला आणि भर सकाळी आम्ही धुणं तोलत बसलो. समोरून जाणारी शाळेची पोरं थांबून बघायला लागली.

जीन पँट पाऊण किलोला थोडी कमी. आत्तींचं सुती नऊवारी लुगडं तेवढंच. सोलापुरी चादर दीड किलो. फाउंड्रीचा पँट-शर्ट किलोला टेकला, त्यात कापड किती आणि वाळू किती ते देव जाणे. पाच माणसांचं एका दिवसाचं सगळं धुणं मिळून निघालं साडेचार किलो. म्हणजे सात-आठ किलोचं मशीन रग्गड झालं. वाकळ तोलली तर साडेतीन किलो, पण वाकळ हा मशीनचा विषयच नव्हे. भिजली की एका कडेला गोळा होऊन बसते आणि पिळायला लागलं की मशीन भूत लागल्यासारखं नाचतं. दसऱ्याच्या आधी घरातलं समदं धुणं काढून कृष्णेवर न्यायचं आणि वाकळा घाटावर वाळत घालायच्या, ही रीत उगीच पडलेली नाही.

“पण मला फुडून दाराचं पायजे,” वहिनी म्हणाल्या. “पुण्याच्या जाऊबाईंकडं हाय. काच असती, आत कपडे फिरत्यात. आमच्या आत्ती दिवाळीला गेलत्या तवा तासभर त्याच्याच म्होरं बसल्या. मालिकासुदिक बघितली न्हाई.”

फ्रंट लोडला नावं ठेवायचं कारण नाही. आडवा ड्रम कपडा वर नेतो आणि खाली टाकतो. आपण दगडावर आपटायचो तेच, फक्त बेतानं. पाणी कमी लागतं. एका धुण्याला पन्नास-साठ लिटर, तर आमच्या वरून टाकायच्या ऑटोमॅटिकला शंभराच्या पुढं सहज. कपड्याचा पीळ होत नाही. माझ्या मशीनमध्ये मी एकदा आत्तींचं लुगडं टाकून बघितलं होतं. बाहेर आलं ते वेणी घालून. त्या वेणीत आमच्या ह्यांच्या दोन शर्टांच्या बाह्या आणि एक टॉवेल. सोडवायला आम्ही दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी ओढत होतो. तेव्हापासून लुगडं जाळीच्या पिशवीत घालायचं हे मला कळलं आणि मशीनच्या वाटेला जायचं नाही हे आत्तींना.

तर फ्रंट लोड चांगलंच. पण ते कुठल्या पाण्यावर?

आपल्या गावाखाली काळा पाषाण आहे. त्यातून बोअर उपसलं की पाण्याबरोबर चुना येतो. वहिनींच्या घरी सकाळी तासभर नळाचं कृष्णेचं पाणी, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोअरवर. गेल्या महिन्यात त्यांच्या गिझरची कॉइल काढली तेव्हा मी भिंतीपलीकडून बघत होते. कॉइल कसली, पांढरी मुळी दिसत होती. बोटानं दाबलं तर खारीसारखे पापुद्रे सुटून हातात आले. मी वहिनींना तेवढंच विचारलं, “जाऊबाईंच्या त्या मशीनमध्ये पाणी गरम करायला असलीच कॉइल असते, माहिती आहे?”

वहिनी गप्प झाल्या. बारा वर्षांत हे तिसऱ्यांदा घडलं.

मग त्यांनी घरातून तो पेनासारखा मीटर आणला. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेल्या पोरानं दिला होता. टीडीएस बघायचा. आपल्याकडं हल्ली सगळे पाण्याला ताप मोजल्यासारखा टीडीएस लावतात. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच आलं, साधं मीठसुद्धा. मशीनचा वैरी त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे पाण्याचा कठीणपणा. तो वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरा म्हटलाय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटली दिली की नेमका आकडा मिळतो. तेवढा दम वहिनींना नव्हता, म्हणून आम्ही घरगुती परीक्षा केली. दोन सारख्या बाटल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाकला आणि दोघींनी एकेक बाटली घुसळली. नळाच्या पाण्याला चार बोटं फेस आला. बोअरच्या पाण्यात फेस नाहीच, फाटलेल्या दुधासारखा साका तेवढा वर तरंगायला लागला. आत्ती पायरीवरून म्हणाल्या, “हे तर मी लगीन होऊन आले तवाच सांगितलंतं. हितलं पानी साबन खातंय.”

त्यांचं लग्न झालं तेव्हा बोअर नव्हतं, विहीर होती. पाणी तेच.

जड पाण्यावर मशीन चालतच नाही असं नाही. चालतं. पावडर जास्त लागते, टॉवेल पापडासारखे कडक होतात, आणि महिन्या-दीड महिन्यानं लिंबूफूल घालून मोकळं मशीन फिरवावं लागतं म्हणजे आतला चुना सुटतो. पाणी गरम करायचं बटण दाबलंच नाही तर कॉइलवर थरही फारसा बसत नाही. शिवाय ती कॉइल दोन हजार वॅटची, तासभर चालली की दोन युनिट. थंड पाण्याच्या धुण्याला पाव-अर्धा युनिट पुष्कळ झालं. पण मग ज्या गरम पाण्यासाठी जादा पैसे मोजले ते वापरायचंच नाही, हा कुठला शहाणपणा?

एवढ्यात कोपऱ्यावरचे मिस्त्री स्कूटर थांबवून आले. हे नळही बसवतात आणि मशीनही दुरुस्त करतात. आमच्या गल्लीत दोन बायका भिंतीला उभ्या दिसल्या की मिस्त्री थांबतात, काहीतरी बिघडलेलं असतंच. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला.

“टाकी किती फुटावर हाय?”

वहिनींनी गच्चीकडं बोट दाखवलं. मिस्त्री म्हणाले, वर हाय ते दिसतंय, किती फुटावर हाय ते इचारतोय.

मलाही हे नवीन होतं. बऱ्याच फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत पाण्याचा कमीत कमी दाब ०.३ बारच्या आसपास लिहिलेला असतो. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा निदान तीन मीटर, दहा फूट वर पाहिजे. पाणी आत घेणारा जो व्हॉल्व्ह असतो त्याचा पडदा दाबावर उघडतो. दाब नसला की पाणी ठिबकत येतं, मशीन वाट बघून कंटाळतं आणि लाल दिवा लावून उभं राहतं. पुण्यात जाऊबाई अकरा मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना हा प्रश्न कधी पडणार? इथं वहिनींची टाकी स्लॅबवर चार विटांच्या ओट्यावर बसलेली. टेप आणली. टाकीच्या बुडापासून न्हाणीतल्या नळापर्यंत भरलं साडेआठ फूट.

“मग लहान पंप बसवायचा लाइनीला,” मिस्त्री म्हणाले. “त्यो बसवला की त्याला लाइट आली. लाइट गेली की पंप बी थांबला आन् मशीन बी. कपडे आत, दार बंद.”

दार बंद म्हटल्यावर मला मिरजेच्या भावाची आठवण झाली. ही गोष्ट मी वहिनींना आधी चारदा सांगितलीय, पण मिस्त्रींनी ऐकली नव्हती. भावानं फ्रंट लोड घेतलं. मशीन आलं शनिवारी, जोडून द्यायला माणूस येणार सोमवारी. भावाला धीर नाही. स्वतःच नळ जोडला, कपडे घातले, बटण दाबलं आणि चहाला बसला. कारखान्यातून निघताना आतला ड्रम हलू नये म्हणून मागून जाड बोल्ट लावलेले असतात. ते आधी काढायचे असतात, ते पुस्तिकेच्या पहिल्या पानांत लिहिलंय, आणि पुस्तिका भावजयीनं पोथीबरोबर देव्हाऱ्याखाली ठेवली होती. धुणं झालं तोवर ठीक. पिळायला लागलं तसं मशीन न्हाणीतून चालत निघालं. वायर ताणली, पाइप ताणला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला येऊन धडका मारायला लागलं. भाऊ दोन्ही हातांनी मशीन धरून उभा, त्याचेही दात वाजत होते. शेवटी भाचीनं मेन स्विच बंद केला. दोन फरशा गेल्या. ते बोल्ट भावानं आता शोकेसमध्ये ठेवलेत.

मिस्त्री हसले नाहीत. म्हणाले, “ह्या वर्साला असली तीन बघितली.”

मशीनच्या गप्पा सांगली-कुपवाडात निघाल्या की महापूर आल्याशिवाय राहत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझी मावशी सांगलीच्या गावभागात. तिनं मशीन उचलून कॉटवर ठेवलं, त्यावर पाट, पाटावर मिक्सर, आणि आमच्याकडं निघून आली. कुपवाड उंचावर, त्यामुळं त्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं होती. धुणं रोज वहिनींच्या दगडावर आणि माझ्या मशीनवर वाटून घ्यायचो. पाणी उतरल्यावर गावभागात गेलो तर रस्त्याच्या दोन्ही कडांना फ्रिज, गाद्या, कपाटं आणि धुण्याची मशीनं. दारं उघडी, आत गाळ. मावशीच्या कॉटवरून दीड फूट पाणी गेलं होतं. तिचं मशीन पूर्ण ऑटोमॅटिक. त्याचं कार्ड, म्हणजे सगळं चालवणारी ती हिरवी पाटी, कुजली आणि मशीन भंगारात गेलं. तिच्या शेजारणीचं साधं सेमी ऑटोमॅटिक. मिस्त्रीनं ते खोललं, पाइपानं धुतलं, दोन्ही मोटरी आठ-दहा दिवस उन्हात वाळवल्या, चावीचं टायमर बदललं. ते अजून चालतंय. पुरात बुडालेलं मशीन नुसतं पुसून प्लगात घालू नये, हे तेव्हा दारोदार सांगत फिरावं लागत होतं. २०२१ ला परत पूर आला तेव्हा सांगायची गरज पडली नाही.

वहिनींनी विचारलं, आपल्याकडं कुठं पूर येतोय? खरं आहे. आपल्याकडं उंदीर येतात. वरून टाकायच्या मशीनचं बूड उघडं असतं, उसाची तोड झाली की उंदीर घराकडं वळतात आणि उबेला मशीनखाली जाऊन वायरी कुरतडतात. खालून जाळी मारून घेतली की झालं, पण ती मागून घ्यावी लागते. दुकानदार आपणहून बोलत नाही. तो बोलतो कशावर, तर मोटरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीवर. मोटर सहसा जातच नाही. जातं ते कार्ड, आणि त्याची वॉरंटी त्याच कागदावर बारीक अक्षरात दोन वर्षं लिहिलेली असते.

“जीएसटी उतरलाय म्हणत्यात,” वहिनींनी शेवटचा हुकूम टाकला. दुकानाबाहेर तसा फलक त्यांनी वाचला होता. आता हा फलक खोटा नाही आणि उपयोगाचाही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो एसी, मोठे टीव्ही आणि भांडी घासायच्या मशीनवरचा. धुण्याच्या मशीनवर जुलै २०१८ पासूनच १८ आहे. वहिनींनी ‘भांडी घासायचं मशीन’ एवढेच शब्द ऐकले आणि त्यांचे डोळे चमकले. मी विषय बदलला. एका वेळी एकच मशीन.

भिंतीवरच्या बैठका चार दिवस चालल्या. मधल्या आळीचे काका एकदा येऊन गेले. त्यांच्याकडं व्हिडिओकॉनचं जुनं सेमी होतं, औरंगाबादच्या धूतांच्या कारखान्यातलं, मुलीच्या लग्नाच्या आधीचं. मुलीची मुलगी आता कॉलेजात आहे. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, तरी काकांचं मशीन नंतरही चालत होतं. त्यांनी सोळा प्रोग्रामांच्या मशीनबद्दल एकच विचारलं, “सोळा परकारची घाण कुठनं आणायची?” माझ्या मशीनवर बारा प्रोग्राम आहेत. मी दोन वापरते. बाकीच्या दहांचे पैसे दिलेत हे मला त्या दिवशी जाणवलं.

शेवटी निकाल लागला तो आत्तींमुळं. त्या काही विचारायला आल्या नव्हत्या, त्यांना ताणकाटा परत पाहिजे होता. जाता जाता म्हणाल्या, “साबनाचं पानी टाकून देतंय व्हय ते? एका कपड्याला एक पानी?”

तिथं बोलणं थांबलं. ऑटोमॅटिक मशीन, पुढचं असो की वरचं, एक घाणा झाला की पाणी मोरीत सोडतं. सेमीमध्ये आपल्या हातात आहे. आधी पोरांचे शाळेचे शर्ट, त्याच पाण्यात रंगीत कपडे, मग फाउंड्रीचा ड्रेस, आणि शेवटी पायपुसणी. एका साबणात चार घाणे. जड पाण्यात पावडर जास्त जाते म्हणून तर हा हिशोब जास्तच पटतो. पाणी बादलीनं ओतलं तरी चालतं, म्हणजे टाकी किती का फुटावर असेना. सकाळी नळाचं मऊ पाणी बॅरलमध्ये धरून ठेवलं तर पांढऱ्या कपड्यांना तेच वापरता येतं. उभं राहावं लागतं आणि कपडे हातानं पिळणीच्या टबात टाकावे लागतात, हे खरं. त्या टबाला सगळे ड्रायर म्हणतात, पण तो वाळवत नाही, पिळतो. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात जोरदार पिळणी लागत असेल. कुपवाडच्या उन्हात दोरीवर टाकलेलं धुणं दुसरा घाणा निघेपर्यंत वाळतं. फ्रंट लोडच्या पैशात दोन सेमी येतात, हे वहिनींच्या मिस्टरांना सांगायची गरज पडली नाही. त्यांना ते आधीच माहीत होतं.

मला कुणी माझं मत विचारलं नाही, तरी सांगते. दोघं नोकरीला जाणारी, टाकी उंच, पाणी नळाचं, तर डोळे मिटून पुढच्या दाराचं घ्यावं. बोअरवर जगणाऱ्या, मळक्या कपड्यांच्या घरानं पाणी बघून घ्यावं आणि ‘सेमी’ म्हणायला लाजू नये.

साडेआठ किलोचं सेमी मंगळवारी आलं. धुण्याच्या दगडाशेजारी बसवलंय. पहिल्या घाण्यात फाउंड्रीचा ड्रेस नको, असं वहिनींनी मिस्टरांना बजावून सांगितलं, आणि पहिला घाणा त्यांच्या ड्रेसचाच निघाला. खिशातून मूठभर वाळू टबात. ती काढायला मिस्त्रींना बोलवावं लागलं नाही, आत्तींनी फडक्यानं काढली. जाऊबाईंना अजून फोटो पाठवलेला नाही.

त्या दिवशीची टेप हातातच होती म्हणून मी आमचीही टाकी मोजली. नऊ फूट दोन इंच. माझ्या मशीनला पाणी भरायला वीस मिनिटं का लागतात ते इतक्या वर्षांनी कळलं. टेप आणि आत्तींचा ताणकाटा दोन्ही सध्या माझ्याकडं आहेत. कुपवाडात कुणी मशीन घ्यायला निघालं असेल तर आधी येऊन घेऊन जा, फक्त सकाळी नळाचं पाणी भरून झाल्यावर या.